गावपळणीतला बाबली

बाबली हडकर विहिरीच्या कठड्यावर जाऊन बसला आणि हाका मारूनही उठेना, तेव्हा कुठे त्याच्या घरच्यांना दवाखाना आठवला. त्याआधी काय काय आठवून झालं होतं ते विचारू नका! अंगारा झाला, नारळ झाला, कट्टा गावच्या बाजारातल्या डॉक्टरची ताकदीची इंजेक्शनं झाली, मुंबईच्या पाहुण्यांनी फोनवरून पाठवलेले सल्ले झाले. माणूस पावसाळाभर धड जेवत नाही, बोलत नाही, स्वतःच्या काजूच्या बागेत पाऊल टाकत नाही, आणि सगळे म्हणतात काय, तर वय झालं. वय किती, तर साठीसुद्धा दूर. शेवटी पुतण्या मंगेशने त्याला कठड्यावरून धरून उतरवला, रिक्षात घातला आणि जिल्ह्याच्या मोठ्या दवाखान्यात आणला. बरोबर बायको, राधाबाई, हातात पेजेचा डबा घेऊन.

तिथे मानसोपचाराच्या खोलीत संचिता बसली होती. ही बाबलीच्याच खारवणे गावची, त्याच्याच वाडीतली, मध्ये दोन परसं सोडून घर. एमबीबीएस होऊन आता कोल्हापूरला मनाच्या दुखण्यांचं पुढचं शिक्षण घेत होती, आणि शिकणाऱ्या डॉक्टरांना काही महिने जिल्ह्याच्या दवाखान्यात काम करावं लागतं, तेवढ्यापुरती इथे आली होती. आपलाच जिल्हा तिने हौसेने मागून घेतला होता. मैत्रिणींनी सांगून पाहिलं, की ओळखीच्या माणसांना तपासणं म्हणजे डोक्याला ताप. पण हिला आपल्या मातीची हौस! आता भोग.

"काका!" ती खुर्चीतून उठलीच.

बाबलीने मान वर केली नाही. शर्टाची बटणं वरखाली लागलेली, दाढी वाढलेली, हात मांडीवर नुसते ठेवून दिलेले. हा माणूस तिच्या लहानपणातला सगळ्यात मोठा माणूस होता, आणि आता मंगेशने खांद्याला धरून बसवल्याशिवाय बसत नव्हता.

पण डॉक्टरने डॉक्टरचं काम करायचं असतं. तिने झोप विचारली, जेवण विचारलं, मरणाचे विचार येतात का ते सरळ विचारलं. त्यावर बाबली एवढंच म्हणाला, "माका आता कंटाळो इलो." मग तिला नाबर मॅडमची शिकवण आठवली. नाबर मॅडम या विभागातल्या सगळ्यात मोठ्या डॉक्टर, केस पांढरे, जीभ तिखट. पहिल्याच दिवशी त्यांनी शिकाऊ मंडळींना सुनावलं होतं, "उदास माणसाची उदासी तर दारावरचा शिपाईसुद्धा ओळखतो. त्यासाठी तुम्हाला पगार नाही. तुम्ही त्याच्या आनंदाची चौकशी करा." कारण काहींच्या दुखण्याला एकच बाजू असते, खाली ओढणारी. काहींच्या दुखण्याला दुसरीही असते, वर उडवणारी, आणि ती वर्षानुवर्षं लपून राहते. ती आहे हे न कळता नुसती उदासीवरची गोळी दिली, की माणूस बरा न होता थेट माळ्यावर चढून बसतो.

म्हणून संचिताने राधाकाकीला विचारलं, "काकी, यांना पूर्वी कधी याच्या उलट झालं होतं का? पुष्कळ दिवस अतिशय आनंदात, झोप नको, सारखं बोलणं, मोठमोठे बेत?"

"नाही," राधाकाकी म्हणाली. "तसं काही झालेलं नाही. ते स्वभावाने शांत आहेत."

इथेच संचिताने कान टवकारायला हवे होते. आमच्याकडचं माणूस तलाठ्यासमोर, मास्तरांसमोर, पोलिसासमोर शुद्ध बोलतं, आणि शुद्ध बोलायला लागलं की समजावं, हे आता ठरवून बोलतंय. वाडीत हीच राधाकाकी संचिताला "खंय गेललंस गो?" म्हणून हाक मारायची. पण संचिताने प्रश्नही शुद्ध विचारला होता, उत्तरही शुद्ध मिळालं. तिने 'नाही' लिहून टाकलं.

आणि गंमत म्हणावी की काय म्हणावं, त्या प्रश्नाचं उत्तर तिला स्वतःलाच ठाऊक होतं. ती तिथे होती. डोळ्यांनी पाहिलं होतं. पण आपल्या आयुष्यातल्या सगळ्यात चांगल्या दिवसांत कोण दुखणं शोधायला जातं?

त्या दिवशी घरी जाताना एस्टीत तिला तेच दिवस आठवत राहिले.

खारवण्याला काही वर्षांनी एकदा गावपळण असते. देवाचा कौल झाला की अख्खं गाव दारं ओढून घेतं आणि वेशीबाहेर पडतं. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, सगळी. तीन दिवस गावात चूल पेटत नाही, दिवा लागत नाही. वर सड्यावर, म्हणजे डोंगरावरच्या कातळ-पठारावर, माडाच्या झावळ्यांच्या झोपड्या उभ्या राहतात, आणि मुंबईचे चाकरमानी चतुर्थीला न मिळालेली रजा गावपळणीला काढून येतात. म्हातारी माणसं म्हणतात, या दिवसांत गाव देवाचं. पोरं म्हणतात, शाळा नाही!

संचिता चौथीत होती तेव्हाची ती गावपळण. बाबलीकाका हा तोवर वाडीतला कुणाच्या अध्यात ना मध्यात असा माणूस. भजनात मागच्या ओळीत बसून झांज वाजवायचा, तीही खाली बघून. पण त्या खेपेला सड्यावर पहिला पोचला तो हाच. स्वतःची झोपडी बांधली, मग शेजाऱ्याची बांधली, मग ज्यांची मुंबईची पोरं वेळेवर पोचली नव्हती त्या सगळ्या म्हाताऱ्यांच्या बांधल्या. मग खाडीवर उतरला आणि ओलेत्याने तिसऱ्यांच्या, म्हणजे शिंपल्यांच्या, पाट्या भरून घेऊन आला, सगळ्या गावाला पुरतील एवढ्या. बायका हसून हसून म्हणाल्या, "मेल्या, खाडयेत कायतरी ठेय तरी!"

आणि मग तो गायला लागला. आवाज होता! कुणाला माहीतच नव्हतं. भजनं गायली, गौळणी गायल्या, आणि त्या संपल्यावर मनाची गाणी सुरू केली. गावातल्या एकेका माणसाचं नाव घेऊन, त्याच्या चालण्याबोलण्याच्या खोडी घेऊन, तिथल्या तिथे जुळवलेली. गावकऱ्याच्या, म्हणजे गावप्रमुखाच्या, मानकरीपणावर गायला, सासवांच्या कुजबुजीवर गायला, मास्तरांच्या छत्रीवर गायला. ज्याच्यावर गाणं झालं तो सगळ्यात जास्त हसला. संध्याकाळी सुरू झालेला हा बाबा उजाडलं तरी उभाच. पण गावपळणीत तसं धड झोपतं कोण? सगळेच जागे, सगळेच हसतायत, सगळ्यांचंच ताळतंत्र सुटलेलं. त्यात एकजण मुळीच झोपत नाही, हे कुणाच्या ध्यानात येणार?

शेवटच्या दिवशी त्याने पोरांना रांगेत उभं केलं आणि एकेकाला पुढे काय व्हायचं ते वाटून दिलं. तुळसाला मास्तरीण केलं, कुणाला बोटीवरचा कप्तान केलं. संचिताची पाळी आली तेव्हा तिला खांद्यावर घेतलं आणि सगळ्या गावाला ओरडून सांगितलं, "आयकलास? ह्या चेडू डॉक्टर होतला! मी सांगतंय! हेच्या हाताक गुण आसा!" नुसतं सांगून थांबला नाही, तिला गावकऱ्यापुढे नेऊन उभी केली, नाडी बघायला लावली. आणि गावकऱ्याने, त्या एरवी कधी न हसणाऱ्या माणसाने, मुकाट्याने हात पुढे केला हो! त्या जाड मनगटाखालची टकटक संचिताला बोटाला लागली. धुराचा वास, ओल्या झावळ्यांचा वास, आणि काकाचा हात डोक्यावर. प्रवेश परीक्षेत पहिल्यांदा आपटी खाल्ली तेव्हा घरचे म्हणाले, दुसरं काहीतरी बघ. तिला तेव्हा सड्यावरची ती हाक ऐकू आली, आणि ती पुन्हा बसली.

गावपळण संपल्यावर काका इन्सुलीला सासुरवाडीच्या बागेत कामाला गेला म्हणे. बऱ्याच दिवसांनी आला, आणि पुन्हा मागच्या ओळीत झांज घेऊन बसला. पण गावाने ते दिवस सोडले नाहीत. आजही लग्नाकार्यात चार माणसं जमली की कुणीतरी म्हणतंच, "हात तुझ्या! त्या गावपळणीतलो बाबली!" आणि सगळे परत हसतात.

असो. बाबलीला वॉर्डात ठेवून घेतलं, उदासीवरची गोळी सुरू झाली. संचिता रोज जाऊन बसायची. पहिले काही दिवस काही नाही. मग तो पेज संपवू लागला. मग एकदा स्वतःहून म्हणाला, "काजूक मोहर इलो असतलो." ती एवढ्यावरही खूश होऊन गेली.

आणि मग एके सकाळी ती जिना चढत होती तर वरून गाणं ऐकू आलं.

ती धावतच वर गेली. काका खिडकीपाशी उभा! दाढी गुळगुळीत, शर्ट मंगेशचा, बाही दुमडलेली. वॉर्डातले पेशंट टाळ्या वाजवतायत, सिस्टर औषधांची गाडी मध्येच सोडून हसतायत, कारण गाणं सिस्टरच्याच चपलांवर रचलेलं. तोच आवाज. तिला पाहिल्याबरोबर त्याने दोन्ही हात पसरले. "इला! माझा डॉक्टर चेडू इला! सांगलंय नाय मी तुमका? ह्या सगळ्यांका घेवन आमी सड्यार जातलव. गावपळण करूया! दवाखान्याची गावपळण!"

संचिताच्या डोळ्यांत पाणीच आलं. इतक्या वर्षांनी काका परत आला होता, आणि तिच्या औषधाने आला होता! कोपऱ्यात राधाकाकी पेजेचा डबा छातीशी धरून उभी होती. ती हसत नव्हती. पण त्या गडबडीत तिच्याकडे बघायला संचिताला सवड कुठे? ती तशीच नाबर मॅडमच्या खोलीत घुसली.

"मॅडम, हडकर बरे झाले! एकदम पूर्वीसारखे!"

"झोपले किती?" मॅडमनी विचारलं.

संचिताला रागच आला. "मॅडम, माणूस इतक्या महिन्यांनी हसतोय, आणि तुम्ही झोप विचारताय?"

दुसरं कुणी असतं तर तिथेच झाडलं असतं. पण मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "बस. पूर्वीसारखे म्हणजे कसे, ते सांग. मला घाई नाही."

मग काय, संचिता खुललीच. गावपळण म्हणजे काय ते सांगितलं, झोपड्या सांगितल्या, तिसऱ्यांच्या पाट्या सांगितल्या. सांगताना हातवारे करत होती, काकाचा आवाज काढत होती. "आणि थकायचे नाहीत हो मॅडम! उजाडेपर्यंत उभे. झोप नाही, पण डोळे असे लख्ख. गाणी नुसती सुटत होती, एकातून दुसरं, दुसऱ्यातून तिसरं. प्रत्येकासाठी काहीतरी मोठं ठरवलेलं. एरवी चारचौघांत मान वर न करणारा माणूस, आणि गावकऱ्याला..."

ती थांबली.

हे सगळं तिने पाठ केलं होतं. परीक्षेला याच क्रमाने लिहिलं होतं आणि चांगले मार्क मिळाले होते. झोपेची गरज न वाटणं. न थकणं. विचारांची धाव. मोठेपणाच्या कल्पना. स्वतःच्या तोंडून स्वतःचं लहानपण बाहेर पडत होतं आणि कानावर येताना ते पेशंटची हकिगत होऊन येत होतं.

"आणि मग?" मॅडमनी विचारलं.

"मग ते इन्सुलीला गेले. कामाला."

"कसल्या कामाला?"

संचिताला माहीत नव्हतं. गावात कुणालाच माहीत नव्हतं. ती टेबलाकडे बघत म्हणाली, "मॅडम, त्यांनीच मला डॉक्टर हो म्हणून सांगितलं होतं. खांद्यावर घेऊन. म्हणजे तेसुद्धा... दुखणंच बोलत होतं?"

"रडायचं असेल तर रड," मॅडम म्हणाल्या, "पण आधी जा आणि ती गोळी बंद कर."

ती गोळी बंद करून आली आणि राधाकाकीला शोधत दवाखान्याच्या मागे गेली. तिथे नातेवाईक कपडे वाळत घालायचे. काकी बाबलीचा टॉवेल पिळत होती. संचिता तिच्या शेजारी जाऊन बसली. या खेपेला तिने शुद्ध विचारलं नाही.

"काकी, इन्सुलीक काय झाला गो तेवा?"

काकीचा हात थांबला. मग एकदम वाट फुटली.

"गाव परत इला, ह्यो येयना. म्हणा, आता गाव हयच. सगळी गेली, ह्यो एकटो सड्यार नवी घरा बांधता. गावाक मी सांगलंय, झोपड्यो मोडूक रवलो. बैलांची जोडी कट्ट्याच्या बाजारात नेल्यान आणि वळख ना पाळख अशा माणसाच्या हातात दावा दिल्यान. म्हणा, तुका व्हये? घी. मी पाय धरलंय तेचे, बाये. बोलाची सोय नाय होती. आणि मगे एक दिवस जो निजलो, तो उठाकच नाय. तेका मी माझ्या भावाकडे नेलंय. थयल्या बागेतल्या मांगरात ठेयलंय. मी भायरसून कडी घालून कामाक जाय, आणि येवन कडी काढीपर्यंत माझो जीव थाऱ्यार नसा."

"आणि कोणाकच सांगलंस नाय? माका पण नाय? मी विचारलंय तुका!"

"कसा सांगू?" काकी तिच्यावर उसळलीच. "पाठल्या वळीत झांज वाजवणारो माणूस तो. जल्मात एकदा लोकांनी माझ्या घोवाक बरो म्हटला. अजून म्हणतत. तू पण म्हणतंस! तेवढीच तेची कमाई. ती पण दुखणा म्हणान तुमच्या कागदार लिवन देव?"

गाव जे इतकी वर्षं हसत हसत आठवत होतं, ते सांभाळायला या बाईने किती वर्षं तोंड मिटून ठेवलं होतं!

औषध बदललं. आता लिथियम सुरू झालं, आणि त्याबरोबर झोपेसाठी एक गोळी. बाबलीला समजेल असं सांगायचं म्हणून संचिता म्हणाली की हे एक प्रकारचं मीठच आहे काका, मनाचा काटा जागेवर ठेवणारं. अधूनमधून रक्त तपासावं लागेल, पाणी भरपूर प्यायचं, जेवणातलं मीठ एकाएकी कमीजास्त करायचं नाही. मधले दिवस वाईट गेले. तो भांडला, सिस्टरवर ओरडला, दवाखान्याच्या दारापर्यंत जाऊन आला, "आवशीचो घोव तुमच्या!" म्हणून सगळ्यांचा उद्धार केला. मग हळूहळू गाणी थांबली. बोलणं सावकाश झालं. तो रात्रीचा झोपू लागला. वॉर्डातले पेशंट म्हणाले, तुमच्या काकांना काय केलंत हो, चांगले होते की! संचिताला ते ऐकून कुठे तोंड लपवू असं झालं. कारण मनातून तिलाही तसंच वाटत होतं.

घरी पाठवायचा दिवस आला तर सिस्टर सांगत आल्या, "हडकर गोळी घेत नाहीयेत."

ती गेली तेव्हा तो खाटेवर ताठ बसला होता. गोळी तळहातावर. राधाकाकी पाण्याचा ग्लास घेऊन बाजूला उभी.

"बाये, बस," तो म्हणाला. आवाज शांत होता. उदासही नव्हता आणि चढलेलाही नव्हता. "एक खरा सांग. ही रोज घेतलंय, तर तो काय परत येवचो नाय, होय मा?"

"कोण, काका?"

"गावपळणीतलो बाबली."

म्हणजे त्यालाही माहीत होतं. कदाचित सगळ्यांच्या आधी त्यालाच माहीत होतं.

"मी जल्मभर पाठी बसलंय," बाबली म्हणाला. "ते दिवस सोडून. त्या दिवसांत माका सगळा सुचा, सगळा जमा. लोक माझ्याकडे बघीत होते. तू पण माका अजून काका म्हणतंस ता त्या दिवसांमुळे, माका ठावक आसा. आता ह्या मिठान तो मेलो तर उरलो कोण? हो असो बसलेलो? तो माका व्हयो, बाये. तुका नको?"

औषध का सोडू नये, यावर संचिताला अर्धा तास बोलता आलं असतं. पुस्तकातलं पान डोळ्यांसमोर होतं. पण ते पान तिने मिटून ठेवलं.

"माका पण व्हयो," ती म्हणाली. "तुमच्यापरास जास्त व्हयो, काका. मी त्या काकाच्या सांगण्यान डॉक्टर झालंय. पण तो रवना नाय हो. तो येता, सगळ्यांका हसयता, आणि जाताना तुमका एकट्याक विहिरीच्या कठड्यार बसवन जाता. आमी हसान घराक जातव. कडी काकी घालता."

बाबलीने तळहातावरची गोळी एकदा उलटीपालटी करून बघितली. मग म्हणाला, "म्हणजे तो मी न्हय? गायलंय तो मी न्हय?"

"गळो तुमचोच. गाणी पण तुमचीच. दुखण्यान तुमका थांबाक दिल्यान नाय, इतक्याच."

त्याने हे ऐकलं, पण त्याचं लक्ष आता संचिताकडे नव्हतं. ग्लासातलं पाणी हलत होतं. राधाकाकीने ग्लास दोन्ही हातांनी घट्ट धरला होता, आणि बाबली त्या हातांकडे बघत होता.

"तू भियालंस?" त्याने बायकोला विचारलं. "मी कठड्यार बसान होतंय, तेवा?"

"होय."

"आणि सड्यार? सगळी हसत होती तेवा?"

काकीने ग्लास छातीशी घेतला. इतक्या वर्षांचं ते, एका दमात कसं निघणार?

"तेवाच जास्त," ती म्हणाली. "तुमी माझ्याकडे बघीतच नाय होतास. सगळ्यांका वळखीत होतास, सगळ्यांवर गाणा म्हटलास. माका तुमच्या डोळ्यांत मीच दिसा नाय."

बाहेर कुणीतरी बादली ओढत होतं. बाबलीने राधाबाईकडे नीट वर बघितलं, आयुष्यभर खाली बघून झांज वाजवणाऱ्या माणसाने. मग तिच्या हातातून ग्लास घेतला, गोळी तोंडात टाकली आणि पाणी प्यायला. सगळं पाणी प्यायला.

झालं. एवढंच व्हायला हवं होतं, आणि तेवढ्यासाठीच संचिता इतकं शिकली होती. पेशंट गोळी घेतोय, घरचं माणूस बरोबर आहे, पुढची तपासणी कधी ते ठरलंय. तिला समाधान वाटायला हवं होतं, आणि वाटलंही. पण त्याच वेळी तिच्या लहानपणातलं कुणीतरी उठून चाललं होतं, आणि त्याला तिनेच दार उघडून दिलं होतं. ती डॉक्टर होती, वॉर्डात उभी होती, गळ्यात स्टेथोस्कोप होता, तरी तिला रडूच फुटलं. अगदी पोरासारखं, नाक ओढत.

बाबलीने ग्लास खाली ठेवला आणि तिच्याकडे बघितलं.

"अगो," तो सावकाश म्हणाला, "कडू गोळी खाल्लंय मी, आणि तोंड वाकडा करतंस तू?"

यावर राधाकाकी हसली. तोंडाला पदरही न लावता, चांगली मोठ्याने हसली. संचिता डोळे पुसायचे विसरून तिच्याकडे बघत राहिली. काकीला हसताना आपण याआधी कधी पाहिलं होतं, ते तिला कितीही आठवलं तरी आठवेना.